मूडलचा रिव्ह्यू: तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापक ते कधी वापरतात आणि कधी सोडून देतात

रेटिंग आधीच सांगून टाकते. मूडलला, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरला, माझ्याकडून ५ पैकी ४, आणि आमच्या कॉलेजला ते ज्यांनी बसवून दिलं त्या होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे सर्व्हर देऊन तो सांभाळणाऱ्यांच्या, सर्व्हिसला ५ पैकी दीड. हे दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण स्टाफरूममध्ये "ते मूडल काही कामाचं नाही हो" असं जे ऐकायला मिळतं ना, ते निम्म्याहून जास्त वेळा सर्व्हिसबद्दलचं रडगाणं असतं आणि नाव मात्र सॉफ्टवेअरचं खराब होतं.

मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी सिनियर कॉलेजला भूगोल शिकवते. अनुदानित कॉलेज, आर्ट्स कॉमर्स सायन्स तिन्ही फॅकल्टी, पोरंपोरी आजूबाजूच्या खेड्यांवरून एसटीने येणारी, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची. कॉलेजात मूडलचं बघायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे कोण वापरतं, कोण एकदा लॉगिन करून परत फिरकत नाही, आणि का, हे सगळं जवळून बघायला मिळतं. पुण्यामुंबईच्या मोठ्या कॉलेजांचे रिव्ह्यू भरपूर असतात, आपल्याकडच्या कॉलेजात हे चालतं का हे कोणी लिहीत नाही, म्हणून एवढं सविस्तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूडल म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डूगियामस यांनी सुरू केलेलं, पहिलं व्हर्जन २००२ चं. ओपन सोर्स आहे, म्हणजे लायसन्सचे पैसे लागत नाहीत, पण ते ठेवायला सर्व्हर लागतो आणि तो कोणीतरी सांभाळावा लागतो. आपापल्या विषयाचं पान बनवायचं, त्यात नोट्स, असाइनमेंट, क्विझ, चर्चा आणि मार्कांचं रजिस्टर. २०२२ मध्ये ४.० आलं तेव्हापासून दिसायलाही बरंच सुटसुटीत झालंय, आधी खरंच लिंकांचं जंगल होतं.

आता यातली सगळ्यात दमदार गोष्ट क्विझ, आणि आमच्याकडे मूडल टिकलं ते फक्त क्विझमुळे. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आला, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे कोर्स, एका प्राध्यापकाच्या वाट्याला पेपरांची संख्या वाढली आणि प्रत्येकाचं अंतर्गत मूल्यमापन वेगळं. एवढे गठ्ठे तपासायचे कधी? असिस्टंट प्रोफेसरला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमाप्रमाणे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, तपासणी आणि कागदपत्रं त्याच्या बाहेर.

आमच्याकडे मराठी विभागात एक सर आहेत, रिटायरमेंट जवळ आलेली, स्मार्टफोनसुद्धा मुलाने हट्टाने घेऊन दिलेला. सगळे धरून चालले होते की हे सर काही मूडलला हात लावणार नाहीत. आज आमच्या कॉलेजात सगळ्यात मोठी प्रश्नपेढी त्यांची आहे. काय झालं तर मी त्यांना मूडलचे शंभर पर्याय दाखवलेच नाहीत, फक्त आयकेन फॉरमॅट दाखवला. नोटपॅड उघडायचं, पहिल्या ओळीत प्रश्न, खाली चार ओळींत इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डी आणि प्रत्येकापुढे टिंब देऊन पर्याय, शेवटच्या ओळीत कॅपिटलमध्ये आन्सर, मग कोलन, मग बरोबर पर्यायाचं अक्षर, एक ओळ मोकळी सोडून पुढचा प्रश्न. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ ८ ठेवायचं, म्हणजे मराठी अक्षरं नीट येतात. बस, एवढंच. ती फाइल आत टाकली की सगळे प्रश्न एका दमात प्रश्नपेढीत.

अडचण आली ती फॉन्टची. सरांचे वर्षानुवर्षांचे प्रश्न डीटीपीवाल्याकडे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले, मूडलमध्ये पेस्ट केलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं तर रफार भलत्याच अक्षरावर आणि ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे. मराठीचे सर, त्यांना ते कसं चालणार. शेवटी त्यांनी फोनवर बोलून टाइप करायचं शिकून घेतलं, बोललेलं तिथल्या तिथे युनिकोडमध्ये येतं, जरा दुरुस्त करायचं आणि झालं. पहिली टेस्ट झाली, पोरांनी सबमिट केलं आणि मार्कांची यादी समोर तयार, तेव्हा सर म्हणाले "मॅडम, हे आधी का नाही सांगितलं कोणी?" पुढच्या आठवड्यात त्यांनी इतिहासाच्या सरांना स्वतः शिकवलं, मला बोलवलंसुद्धा नाही.

ही एकट्या आमच्या कॉलेजची गंमत नाहीये. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं टेक्नॉलॉजी अॅक्सेप्टन्स मॉडेल याच विषयातलं, माणूस नवीन तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टींवर, याचा मला उपयोग आहे का आणि हे वापरायला सोपं आहे का, आणि त्यांच्याच अभ्यासात उपयोगाचं पारडं सोपेपणापेक्षा जड निघालं होतं. मला हे शंभर टक्के पटतं. आपल्याकडे ट्रेनिंग घेतात ते सगळं "किती सोप्पं आहे बघा" यावर, हे बटन इथे, ते बटन तिथे, आणि दोन तासांनी चहा. सरांना सोपं कुठे होतं, फॉन्टपासून सगळं अवघड होतं, पण गठ्ठे कमी होतात हे डोळ्यांनी दिसल्यावर अवघड ते त्यांनी रेटून नेलं.

आणि वयाचं म्हणाल तर आमच्याकडे उलटंच चित्र. सगळ्यात कमी वापर तरुणांचा, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. हे तरुण म्हणजे सीएचबीवाले, तासिका तत्त्वावरचे. त्यांना पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. मूडलवर कोर्स बांधायला, प्रश्न टाकायला, पोरांच्या शंकांना रात्री उत्तरं द्यायला जो वेळ जातो त्याचा तास कुठेच लागत नाही. नेमणूक वर्षापुरती, पुढच्या जूनमध्ये याच कॉलेजात असू की दुसऱ्या, हेच माहीत नाही, मग स्वतःच्या मेहनतीच्या नोट्स आणि प्रश्नपेढी कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवून कोण जाईल? एक सीएचबी मॅडम मला सरळ म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे नोट्स सोडून दुसरं भांडवल काय आहे?" मी काय उत्तर देणार. सीएचबीच्या या पोरांना मूडल माझ्यापेक्षा चांगलं येतं, नेट-सेट, पीएचडी झालेली मुलं आहेत ती. कोर्स बांधणीचे तास जोवर त्यांच्या बिलात धरले जात नाहीत तोवर त्यांना मूडल वापरत नाहीत म्हणून नावं ठेवायचा कोणालाही हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्मनंटवाल्यांचं गणित वेगळं, तिथे प्रमोशनचा विचार येतो. यूजीसीच्या त्याच २०१८ च्या नियमांत चार भागांतला पूर्ण मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स तयार केला तर २० गुण, एका पूर्ण कोर्सचं ई-कन्टेन्ट केलं तर १२. चार भाग म्हणजे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा, सरकारच्या स्वयम पोर्टलवर असतं तसं. हे चांगलंच आहे, पण यामुळे होतं काय की लोक एकदा जोर लावून कोर्स बनवतात, प्रमाणपत्र फाइलला लावतात आणि पुढे त्या कोर्सकडे बघत नाहीत. दर पंधरा दिवसांनी क्विझ घेणं, चुकलेल्या पोराला दोन ओळींचा फीडबॅक लिहिणं, ज्याने खरं शिकणं होतं, त्याला कुठे वेगळा गुण नाही.

सर्क्युलर काढून हे होत नाही हेही बघितलंय. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) तयारी सुरू झाली की शिकवताना आयसीटी, म्हणजे कॉम्प्युटर-इंटरनेटची साधनं वापरता का हा प्रश्न येतो, मग नोटीस येते, प्रत्येकाने अमुक तारखेपर्यंत आपला कोर्स अपलोड करावा. सगळे करतात, काय टाकतात तर सिलॅबसची पीडीएफ, एक पीपीटी आणि एक यूट्यूब लिंक. आकडा भरतो, स्क्रीनशॉट निघतो, आणि पोरांनी ते पान उघडलेलंच नसतं, मला लॉगमध्ये दिसतं ना. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी आधीची मॉडेलं एकत्र करून जे मांडलं त्यात चार गोष्टी येतात, कामात फायदा किती, कष्ट किती, आपल्या माणसांचं म्हणणं काय आणि पाठीशी सोयी आहेत का. शिवाय स्वखुशीने वापरतोय की सक्तीने, यानेही फरक पडतो असं ते म्हणतात. नोटीस काढणारे फक्त वरिष्ठांच्या दबावाची बाजू पकडतात, आणि आमच्याकडे तर मराठीच्या सरांनी इतिहासाच्या सरांना सांगितलं त्याचा परिणाम कुठल्याही नोटिशीपेक्षा जास्त झाला.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये तर सगळेच ऑनलाइन होते की. झूमवर ४० मिनिटं झाली की फुकटवाली मीटिंग बंद, मग परत लिंक पाठवा, सगळे शिकले. पण कॉलेज उघडलं आणि बहुतेकांनी तो विषयच बंद केला. ते स्वीकारणं नव्हतंच, अडलेलं काम कसंतरी निभावणं होतं, आणि त्या काळात पोरांचे काळे चौकोन बघत एकट्याने बोलत बसण्याचा जो अनुभव आला त्याने कित्येक चांगल्या शिक्षकांच्या मनात ऑनलाइन या शब्दाबद्दल कायमची अढी बसली. मूडल हे त्यापेक्षा फार वेगळं आहे, समोरासमोर शिकवा आणि सराव, टेस्ट, नोट्स मूडलवर ठेवा, हे पटवायला मला त्या अढीशी अजून झगडावं लागतं.

आता सर्व्हिसकडे येते, दीड मार्काची कारणं. पोरांच्या हस्तलिखित नोट्स स्कॅन करून टाकायच्या म्हटलं तर फाइल चढेना. कारण मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीमध्ये अपलोडची डिफॉल्ट मर्यादा २ एमबी असते, ती वाढवायला दोन मिनिटं लागतात, होस्टिंगवाल्यांनी ती वाढवलीच नव्हती आणि ऑनलाइन तक्रार टाकल्यावर उत्तर यायला आठवडा गेला. तोवर तीन-चार प्राध्यापक "आम्ही आपलं व्हॉट्सअॅपवर टाकतो" म्हणून निघून गेले ते परत आले नाहीत. दुसरं, क्रॉन. मूडलच्या मागे एक ठरावीक काम दर मिनिटाला चालत राहावं लागतं, नोटिफिकेशन, मेल सगळं त्यावर. ते बंद पडलेलं, आम्हाला कोणी सांगितलं नाही, पोरांना असाइनमेंटची सूचनाच जात नव्हती.

पण सगळ्यात वाईट झालं ते टाइमझोनचं. सर्व्हरची वेळ भारताची न ठेवता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवलेली. कॉमर्सच्या मॅडमनी सकाळी ११ ला टेस्ट लावली, पोरं लॅबमध्ये बसली, काही बाहेरगावची पोरं खास त्यासाठी पहिल्या एसटीने आलेली, आणि स्क्रीनवर क्विझ अजून उघडलेली नाही. साडेपाच तासांचा फरक, म्हणजे ती टेस्ट दुपारी साडेचारला उघडणार होती, तोवर पोरांची शेवटची गाडी. मॅडमनी प्रश्न फळ्यावर लिहून कागदावर टेस्ट घेतली आणि त्यानंतर मूडल उघडलं नाही. मी कितीही समजावलं की हे सॉफ्टवेअरचं नाही, एका सेटिंगचं आहे, तरी ज्या माणसाची भर वर्गात पोरांसमोर फजिती झाली त्याला सेटिंगचं काय सांगणार. प्राध्यापकाला वर्गात आपला विषय येतो म्हणून मान असतो, तो मान अशा वेळी पणाला लागतो, ही भीती फार खरी आहे आणि ट्रेनिंगवाले तिचा विचारच करत नाहीत. पहिल्या टेस्टच्या वेळी मी किंवा लॅबचे भाऊ शेजारी उभे राहतो असं आता ठरवूनच टाकलंय, त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच वर्कशॉपने पडला नव्हता.

गुगल क्लासरूमशी तुलना लोक हमखास विचारतात. क्लासरूम २०१४ पासून आहे, सोपं आहे, सर्व्हरची झंझट नाही, पोराच्या फोनमध्ये गुगल अकाउंट असतंच, आणि एकट्या प्राध्यापकाला स्वतःच्या वर्गापुरतं करायचं असेल तर मी खुशाल क्लासरूमच घ्या म्हणेन. पण प्रश्नपेढीतून प्रत्येक पोराला वेगवेगळे प्रश्न काढून देणं, कुठला प्रश्न सगळ्यांना चुकला याचं विश्लेषण, या बाबतीत मूडल खूपच पुढे आहे. व्हॉट्सअॅपचं तर काय, ते सगळ्यांच्या हातातच आहे, आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, मी मूडलची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवरच टाकते.

आपल्या भागासाठी खास सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मूडलचं मोबाइल अॅप. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा वर्ग निम्मे रिकामे, पोरं आईवडिलांबरोबर वावरात. नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या सेमिस्टरच्या अंतर्गत टेस्ट. पाड्यावरच्या एका मुलाला फोन लावला तर "नेट नही शे मॅडम", टेकडीवर चढलं तर एक काडी रेंज. अॅपमध्ये सोय अशी की कॉलेजच्या वायफायवर कोर्स डाउनलोड करून घ्यायचा, नोट्स घरी विनानेट वाचायच्या, आणि क्विझच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनची परवानगी दिली असेल तर क्विझसुद्धा घरी सोडवून परत नेटमध्ये आल्यावर सिंक करायची. मुख्य अट ही की त्या क्विझला वेळेची मर्यादा लावता येत नाही, म्हणून मी ती सरावासाठी ठेवते, मार्कांची टेस्ट कॉलेजातच. तो मुलगा सोमवारी एसटीतून उतरला की गेटपाशीच वायफाय पकडतो आणि आठवडाभराचे सगळे प्रयत्न माझ्याकडे एकदम येऊन पडतात. हे बघून भूगोल विभागातले दुसरे सर, जे "आपल्या पोरांकडे कुठे नेट" म्हणून कायम टाळायचे, त्यांनी स्वतःहून माझ्याकडून एन्रोलमेंट की, म्हणजे कोर्सला दाखल व्हायचा पासवर्ड, मागून घेतली.

एक तक्रार थेट मूडलबद्दलही आहे, म्हणून चारच मार्क. मार्कांचं रजिस्टर, ते ग्रेडबुक, अजूनही नवीन माणसाला घाम फोडतं, वेटेज, कॅटेगरी, एकूण बेरीज कशी धरायची, नवख्याने एक टिचकी चुकीची मारली की टोटल बदलते. आमच्याकडे मी सगळ्यांना सांगितलंय की ग्रेडबुकला हात लावू नका, क्विझचे मार्क एक्सेलमध्ये डाउनलोड करा आणि तिथे बेरीज करा.

होस्टिंगचं रिन्युअल जवळ आलंय. मूडल आम्ही ठेवणार, होस्टिंगवाला बदलणार. नवीन कोटेशन मागवताना यावेळी प्राचार्यांकडून अटी लेखी घालून घेतल्यात, टाइमझोन भारताचा, अपलोड मर्यादा किमान ५० एमबी, क्रॉन चालू असल्याचा पुरावा, रोजचा बॅकअप आणि तो आमच्याकडे डाउनलोड करता यायला हवा, परीक्षेच्या काळात फोन उचलणारा माणूस. आणि वेगळा अर्ज सीएचबीवाल्यांच्या कोर्स बांधणीचे तास धरण्याबद्दल दिलाय, तो अजून टेबलावर आहे, दर सोमवारी जाऊन विचारते.